९ ते १३ वयाच्या मुलांसाठी माहितीपर मराठी पुस्तकं: हातात घेतल्यावर काय तपासायचं? (बडोदे)

वाचनकट्टा_मांजलपूर

नमस्कार मंडळी. मांजलपुरात सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं मराठी वाचनालय सुरू करतोय, दर रविवारी सकाळी दोन तास. मुलं पंचवीसेक, वय ९ ते १३. घरी सगळी मराठी बोलतात, पण शाळा कुणाची गुजराती तर कुणाची इंग्रजी. गोष्टीची पुस्तकं देणगीतून पुरेशी जमली आहेत. अडलंय ते माहितीपर पुस्तकांवर: इतिहास, विज्ञान आणि मोठेपणी करायची कामं. हाताशी १८,००० रुपये आहेत, त्यात सत्तर-ऐंशी पुस्तकं बसवायची आहेत. शिवाय देणगीतली दोन खोकी भरून जुनी माहितीपर पुस्तकं पडून आहेत, काही तर १९७० च्या आसपासची. त्यातली ठेवायची कुठली आणि काढायची कुठली?

पुस्तकांच्या नावांची यादी नकोय, कारण यादीतली निम्मी पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. पुस्तक हातात धरल्यावर काय बघायचं ते सांगा. तीन शंका मुख्य आहेत. जुन्या विज्ञानाच्या पुस्तकातली चूक ओळखायची कशी? शिवकालावरच्या दोन पुस्तकांत दोन तारखा असतात, तेव्हा मुलांना काय सांगायचं? आणि करिअरची पुस्तकं या वयात घ्यावीत का?

प्रयोगवही

विज्ञानाचं सांगते. आवृत्तीचं वर्ष बघा, पण त्यावर विसंबू नका. मुखपृष्ठ नवं, किंमत नवी आणि आतला मजकूर चाळीस वर्षांपूर्वीचा, असं पुष्कळदा असतं. पुनर्मुद्रण वेगळं आणि सुधारित आवृत्ती वेगळी. मजकुराचं खरं वय काढायचं असेल तर ठरावीक पानं उघडा. सूर्यमालेत नऊ ग्रह मोजले असतील तर मजकूर ऑगस्ट २००६ च्या आधीचा. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ११८ जागा नावानिशी भरलेल्या नसतील तर नोव्हेंबर २०१६ च्या आधीचा. किलोग्रॅमची व्याख्या फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून दिली असेल तर मे २०१९ च्या आधीचा. चंद्रावर पाण्याचा अंशही नाही असं ठामपणे लिहिलं असेल तर तो २००९ च्या, म्हणजे चांद्रयान-१ च्या निष्कर्षांच्या आधीचा. भारताच्या नकाशावर २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश नसतील तर जानेवारी २०२० च्या आधीचा.

पण एवढ्यावरून पुस्तक रद्दीत टाकू नका. जुना आकडा चिठ्ठी चिकटवून दुरुस्त करता येतो. शनीच्या चंद्रांची संख्या तर नव्या पुस्तकातही वर्षभरात शिळी होते; २०२३ मध्ये ती शंभराच्या पुढे गेली. पुस्तक काढून टाकायचं ते चुकीच्या स्पष्टीकरणासाठी, कारण आकडा विसरला जातो, पण डोक्यात बसलेलं कारण दहावीपर्यंत निघत नाही.

सगळ्यात जास्त पुस्तकांत सापडणारी चूक मेणबत्तीची. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं आणि पुस्तक सांगतं, 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो.' हे चूक आहे. ज्योत सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होते. पाणी चढतं ते मुख्यतः पेल्यातली तापलेली हवा गार होऊन आकसते म्हणून. मुलांना पडताळून पाहायला सांगा. एका मेणबत्तीऐवजी तीन लावा. पेला तोच, हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढतं. पेला घालताना कडेने बुडबुडे निघतात, ती तापून बाहेर पडणारी हवा. आणि पाण्याची मोठी उडी ज्योत विझल्यावर दिसते, जळताना नाही. ज्या पुस्तकात हा प्रयोग नीट समजावला आहे, त्यातल्या बाकीच्या प्रयोगांवर मी भरवसा ठेवीन.

अशा आणखी जागा: चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात (ते ग्रहण झालं, कला नव्हेत). उन्हाळा येतो कारण पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते (प्रत्यक्षात ती जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किमी. जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी). जिभेचा गोड-खारट-आंबट-कडू असा नकाशा. शिरांमधलं रक्त निळं असतं. यातल्या दोन चुका सापडल्या की ते पुस्तक घेऊ नका, खोक्यातलं असेल तर काढा.

प्रयोगांत मापं आहेत का, हेही बघा. 'पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा, स्फटिक मिळतील' असं लिहिलेलं असतं. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. दोन चहाचे चमचे म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास. पेल्यातल्या २०० मिली पाण्याचं ३३-३४ मिली होईपर्यंत एकही स्फटिक दिसणार नाही, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर ते पाणी आठवड्यानंतरही तसंच राहील. मूल म्हणतं प्रयोग फसला. खरं तर पुस्तकाने माप दिलेलं नाही. ७० ग्रॅम मीठ लिहिलं असतं तर काम झालं असतं. तुरटी सांगितली असेल तर आणखी बरं, तिचे स्फटिक मोठे आणि सुबक येतात.

भाषांतरित पुस्तकांत चार ऋतू, फॅरनहाइट, औंस आणि इथे न दिसणारे पक्षी असतात. त्याने पुस्तक वाईट ठरत नाही, पण एकूण खरेदीत अशी पुस्तकं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नसावीत असं मला वाटतं. डायनोसॉरचं पुस्तक घेताना राजासॉरस शोधा. त्याची हाडं आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, बालासिनोरजवळ रैयोलीला मिळाली. ज्या पुस्तकात फक्त अमेरिकेतले डायनोसॉर आहेत ते दुसऱ्या पसंतीचं. तसंच शून्य सावलीचं, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते त्या दिवसाचं. पुण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात तो दिवस मे महिन्याच्या मध्यावर येतो. बडोदे २२.३ अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा खाली. इथे सूर्य डोक्यावर येतो जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पुस्तकात अक्षांशावरून दिवस कसा बदलतो हे सांगितलं असेल तर ते कुठल्याही गावच्या मुलाला चालतं.

शकावली

प्रयोगवहीताईंनी विज्ञानाचं सगळं सांगितलंय, मी इतिहासाचं बघतो.

तारखांची शंका सर्वांत आधी, कारण तीच मुलांना इतिहासात खेचून आणू शकते. शिवजन्माची तारीख जुन्या पुस्तकांत ६ एप्रिल १६२७ असते, म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. नव्या पुस्तकांत १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीला आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटना-तिथींच्या जुन्या नोंदीत, दुसरी तिथी सापडली, अभ्यासकांनी ती इतर साधनांशी ताडून पाहिली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती स्वीकारली. पुस्तक १६३० देत असेल तर ठीक. १६३० देऊन आधी दुसरी तारीख का मानत होते हेही सांगत असेल, तर ते लगेच घ्या. नुसतं १६२७ असेल तर आत चिठ्ठी लावून ठेवा आणि मुलांना दोन्ही पुस्तकं शेजारी मांडून दाखवा.

त्याच बैठकीत शकाचा हिशेबही शिकवता येतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. १५४९ च्या वैशाखाला ७८ मिळवले की १६२७ येतं. १५५१ च्या फाल्गुनाला ७९ मिळवले की १६३०. सरसकट ७८ मिळवणाऱ्या पुस्तकांत पौष-माघ-फाल्गुनातल्या घटना एक वर्ष मागे गेलेल्या आढळतात. पानिपतची शेवटची लढाई त्यासाठी चांगली कसोटी आहे: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. कुठे १७६० दिसलं तर पुढच्या तारखा तपासूनच पुस्तक घ्या.

दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांची. चरित्राची पाच पानं सलग वाचा. जिजाबाई, अहिल्याबाई किंवा सयाजीराव जर पानोपानी लांबलचक संवाद बोलत असतील तर ती कादंबरी आहे. कादंबरी वाईट नव्हे, पण ती गोष्टीच्या कपाटात ठेवा. माहितीच्या कपाटातल्या पुस्तकाने हे वाक्य कुठल्या पत्रातलं, कुठल्या बखरीतलं, हे निदान ओळीभरात सांगावं. बखर आणि पत्र यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतो: पत्र त्या दिवसांतलं, बखर बहुधा नंतर लिहिलेली.

तिसरी कसोटी मतभेदाची. गुजरातमधल्या लोथल या सिंधू संस्कृतीच्या गावाचं पान उघडा. तिथला विटांनी बांधलेला, दोनशे मीटरहून लांब हौद ही जहाजं लावायची गोदी होती, असं उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांचं मत. काही अभ्यासक तो पाणी साठवायचा तलाव मानतात. 'जगातली पहिली गोदी' एवढंच लिहून पुढे जाणारं पुस्तक मुलाला निम्मीच गोष्ट सांगतं. राव तो हौद गोदी का मानत होते, त्याला पाण्याची वाट कुठून होती, हे आराखड्यासकट दाखवणारं पुस्तक शोधा. नकाशाला दिशा आणि प्रमाणपट्टी हवी. नकाशाच नसलेलं इतिहासाचं पुस्तक या वयासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या गावच्या संदर्भात एक बारीक कसोटी. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. अनेक पुस्तकं १८९३ लाच 'संपूर्ण संस्थानात' असं लिहून टाकतात. मधली तेरा वर्षं ज्याने नोंदवली, त्या लेखकाने मूळ साधनं पाहिली असण्याची शक्यता जास्त. 'मराठी रियासत' लिहिणारे रियासतकार सरदेसाई इथेच राजपुत्रांचे शिक्षक होते आणि त्यांचं इतिहासलेखन त्याच शिकवण्याच्या गरजेतून सुरू झालं. बडोद्याच्या मराठी मुलांना इतिहासाची पुस्तकं निवडून देताना एवढी कसोशी हवीच.

कामाची_गोष्ट

करिअरबद्दल. बाजारात जी 'बारावीनंतर काय' छापाची पुस्तकं आहेत, ती ९ ते १३ साठी एकही घेऊ नका. एक तर ती शिळी होतात. प्रवेशपरीक्षाच बघा: इंजिनियरिंगची एआयईईई २०१३ मध्ये जेईई मेन झाली, डॉक्टरकीची एआयपीएमटी जाऊन २०१६ पासून नीट आली, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. एनडीएत, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, मुलींना प्रवेश नाही असं छापलेलं पुस्तक तर मुलीच्या हातात देऊच नये. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परीक्षा त्यांना खुली झाली आणि २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली. आणि दुसरं, परीक्षेचं नाव कळल्याने काम कळत नाही. दहा वर्षांच्या मुलाला पात्रतेचे गुण, वयोमर्यादा आणि पगाराचे तक्ते देऊन काय होणार?

शकावली

कामाची_गोष्ट, मुलांना कामांबद्दल काहीच द्यायचं नाही म्हणता? आपल्या मुलांच्या ओळखीची माणसं म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, बँकवाले आणि शिक्षक. बाकीची कामं त्यांना दिसणार कुठून?

कामाची_गोष्ट

द्यायचं, पण वेगळ्या प्रकारचं. एका कामावर एक पुस्तक, ३२ ते ६४ पानी, आणि त्यात चार गोष्टी सापडायला हव्यात: दिवसभरात काय करतात, हातात कुठली हत्यारं-उपकरणं असतात, सोबत कोण काम करतं, आणि काय चुकतं. शेवटची गोष्ट नसेल तर ते जाहिरातपत्रक समजा.

उदाहरणार्थ रेल्वे. लोको पायलटवरच्या, म्हणजे इंजिनचालकावरच्या, पुस्तकात फक्त इंजिनाचे फोटो असतील तर ठेवून द्या. दोन पिवळे दिवे, एक पिवळा आणि लाल हा क्रम कशासाठी, ताशी १०० किमीने धावणारी गाडी थांबायला साधारण एक किलोमीटर का लागतो, सहायक लोको पायलट सिग्नल मोठ्याने का उच्चारतो, हे सांगणारं पुस्तक घ्या. मग मूल आपल्याच स्टेशनवर उभं राहून सिग्नल वाचू लागतं. बडोद्यात रेल्वे आणि वाहतुकीचं शिक्षण देणारं गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, ही माहिती त्यानंतर चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा; ती बदलली तर चिठ्ठी बदलायची, पुस्तक नाही.

वर राजासॉरसचा उल्लेख आलाय, त्याचंच बघा. हाडं गोळा झाली १९८२ ते १९८४ या काळात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांकडून. जगासमोर नाव आलं २००३ मध्ये. मधल्या काळाचं काम म्हणजे जीवाश्मशास्त्र: कुठलं हाड कुठे पडलं होतं त्याचा नकाशा, प्रत्येक हाडावर क्रमांक, दगड खरवडून काढणं, मादागास्करसारख्या ठिकाणच्या हाडांशी तुलना, चित्रकाराने सांगाड्याचं रेखाटन करणं. जीवाश्म शोधणाऱ्यावरचं पुस्तक 'एके दिवशी मोठ्ठं हाड सापडलं' इथेच थांबत असेल तर मुलाला वाटतं हे नशिबाचं काम आहे. त्यात नकाशा काढणारा आणि चित्रकार दिसले पाहिजेत. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला तिथे आपली जागा दिसते.

अशी पुस्तकं मराठीत कमी आहेत, हे खरं. म्हणून खरेदीतली दहा-बाराच या विषयाची ठेवा. आणि ती 'करिअर' अशी वेगळी फळी करून मांडू नका. रेल्वेचं पुस्तक यंत्रांच्या शेजारी, जीवाश्माचं डायनोसॉरच्या शेजारी ठेवा. वेगळी फळी केली की तिकडे फक्त पालक वळतात.

वाचनकट्टा_मांजलपूर

मनापासून आभार. मेणबत्तीचं पान खोक्यातल्या पुस्तकांत आजच शोधतो. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गुजराती शाळेतली मुलं देवनागरी सावकाश वाचतात, त्यांच्यासाठी पानावर काय बघायचं? आणि पुस्तकं टिकावीत म्हणून कागद-बांधणीचं काय?

पुस्तकपेटी_रावपुरा

या मुलांना अडतात ती जोडाक्षरं आणि बारीक टाइप. १४ पॉइंटच्या खाली नको, ९-१० वर्षांच्यांना १६ बरा. ओळीत आठ-दहा शब्द, दोन ओळींत मोकळी जागा, आणि रंगीत चित्रावर छापलेला मजकूर टाळा. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं असली की अनुस्वार आणि रफार दिसतच नाहीत. मुलाला मधलं एखादं पान मोठ्याने वाचायला द्या. पारिभाषिक शब्द सोडून पाचापेक्षा जास्त शब्दांवर अडलं तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. पारिभाषिक शब्दांसाठी पुस्तकाच्या मागे एक कागद लावा, त्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तीन रकाने, आणि तो मुलांकडूनच भरून घ्या. आणखी एक: ज्यांना मोठं पुस्तक झेपत नाही, त्यांना चित्रांखालच्या ओळी आधी वाचू द्या. चांगल्या माहितीपर पुस्तकात त्या ओळी स्वतंत्रपणे अर्थ देतात. 'आकृती ४' एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुस्तक या मुलांच्या कामाचं नाही.

बांधणी ओळखायला पुस्तक मिटून कणा वरून बघा. पानांचे दुमडलेले जुडगे दिसले तर शिवण आहे, ती टिकते. सगळी पानं सपाट कापून गोंदाने चिकटवलेली असतील तर मधून पूर्ण उघडल्यावर कटकन आवाज येतो आणि दुसऱ्या महिन्यात पानं सुटतात. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि कागद खाते. आतल्या कडेला ब्रशने पांढऱ्या फेविकॉलची बारीक रेघ, पान बसवून वर वजन, रात्रभर. कण्याला कापडी पट्टी. या सामानासाठी १८,००० तले दीड-दोन हजार आधीच बाजूला काढा.

कागदाबद्दल बडोद्यात एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये किती घरांत शिरलं ते सगळ्यांना माहीत आहे. चकचकीत आर्ट पेपर भिजून वाळला की त्याचा लेप वितळून पानं एकमेकांना कायमची चिकटतात. साधा मॅपलिथो कागद वाकडातिकडा होतो, पण वाचता येतो. आर्ट पेपरचं पुस्तक भिजलंच तर वाळू न देता पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर थोडं थोडं काढून, पानांत बटर पेपर घालत, पंख्याखाली वाळवा. हॉल तळमजल्यावर असेल तर सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा आणि आर्ट पेपरची पुस्तकं वरच्या फळीवर.

पैसे वाचवायचे असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, १९७१ पासूनचे. विज्ञान-इतिहासाचे लेख त्यांत भरपूर आहेत, फक्त प्रयोगवहीताईंच्या कसोट्या त्यांनाही लावा. स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं छापून घ्यायलाही परवानगी असते, लेखक-चित्रकारांची नावं ठेवायची एवढीच अट. छापताना पानांची संख्या चारच्या पटीत घ्या, म्हणजे मध्ये पिन मारून पुस्तिका होते. बाकी कुठलीही फुकट फाइल छापण्याआधी परवान्याची ओळ वाचा. परवानगीशिवाय छापलेलं पुस्तक वाचनालयात नको.

मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभाग आहे, खरेदीआधी तिथे एक फेरी मारा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावून ही सगळी व्यवस्था उभी केली, त्यात गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवायची पद्धत होती. मुलांना माहिती देणारी सयाजी बालज्ञानमालाही इथलीच. पेटीची पद्धत तुम्हालाही जमेल. वारसियात किंवा वाघोडियात असं दुसरं वाचनालय शोधा, दोघांनी वेगवेगळी पुस्तकं घ्या आणि वीस-वीस पुस्तकांची पेटी दर तीन महिन्यांनी बदला. पुणे-मुंबईहून पार्सलही एकत्र मागवता येईल. पेटीच्या झाकणाला आतून एक वही बांधा. ज्या मुलाला पुस्तकात चूक सापडेल त्याने पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, चूक आणि ती कशावरून कळली ते लिहायचं. पुढच्या वाचनालयातल्या मुलांनी ती तपासायची.

प्रयोगवही

वहीत 'कशावरून कळली' हा रकाना सगळ्यात रुंद आखा. आणि वाचनकट्टा, मेणबत्तीचा प्रयोग हॉलमध्ये करणार असाल तर पंखे बंद ठेवा, पेला जाड काचेचा घ्या आणि पाण्यात चिमूटभर हळद टाका, चढलेली पातळी मागच्या रांगेतूनही दिसते.